टेलर मास्तरांचा एकुलता एक मासा

टेलर मास्तरांविषयी चांगले बोलणारे आमच्या गल्लीत दोनच. एक ते स्वतः आणि दुसरा त्यांच्या दुकानातला आरसा. आरसाही गिऱ्हाईक समोर असले की गप्प असतो.

त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. ती इतकी पातळ, की त्यांच्याकडे सुई पडली तर आमच्याकडे शोधावी. त्यामुळे मी जे सांगतो आहे त्यातले काही डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि बरेचसे भिंतीतून आलेले. मी माझ्या पदरचे काही घातलेले नाही. मास्तरांच्या बाबतीत घालायची गरजच पडत नाही.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्यासमोर कापायचे मोठे टेबल, भिंतीवर खुंट्यांना अर्धवट शिवलेल्या पँटी उलट्या लटकलेल्या. त्यांची बायको दाराजवळच्या स्टुलावर बसून काजे-बटणे करते. मास्तरांचा पँटीचा हात चांगला होता, हे मान्य करायला मला जड जाते, पण होता. पायाची कड दुमडून हाताने शिवायला बसले की त्यांचा उजवा हात टाका घेऊन कानापर्यंत वर जायचा, दोरा ताणून क्षणभर तिथे थांबायचा आणि पुन्हा खाली यायचा. तासन् तास तेच. पाण्यावरून बगळा उठावा आणि पुन्हा त्याच जागी बसावा, तसा तो हात दिसायचा. देवाने या माणसाची सगळी अक्कल त्या एका हातात भरली आणि डोक्यापर्यंत पोचायच्या आत ती संपली.

एकदा कोणी दुरुस्तीला टाकलेल्या कोटाच्या खिशात एक गुळगुळीत कागदाचे मासिक निघाले. त्यात चित्र होते. एक माणूस समुद्राच्या पाण्यावर चिमुकल्या होडीत बसून लवचीक काठीने हवेत दोरीची वेलांटी काढतो आहे. दोरीच्या टोकाला पिसांचे आमिष. ना जाळे, ना कोळंबी, ना गांडूळ. खाली नाव होते, फ्लाय फिशिंग. मास्तरांनी ते पान दिवसभर पाहिले. कोटवाला कोट न्यायला आला तेव्हा कोट तयार नव्हता आणि मासिक मास्तरांच्या उशीखाली गेले होते. आपला जन्म कशासाठी झाला हे त्यांना त्या दिवशी कळले. तोवर शिवलेल्या पँटी वाया गेल्या.

मग कुणाच्या तरी गच्चीवर पडलेली एक पिवळी कयाक, म्हणजे तसलीच होडी, आली. प्लास्टिकची, लांबोडकी, वरून बसायची आणि आतून पोकळ, मास्तरांसारखीच. दोन गुडघ्यांच्या मध्ये गोल झाकण आणि झाकणाखाली सामान ठेवायचा कप्पा. ती घरात मावेना, म्हणून मागच्या बोळात भिंतीला टेकून राहिली. सामान मात्र घरात घुसले. मागची खोली होती, लेकीची. लेक लग्न होऊन गेल्यावर तिथे पिसे आली. कोंबड्याची, बदकाची, मोराची. ससा-बकरीचे केस, चमकणारे दोरे, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून उरलेल्या टिकल्या. टेबलाला एक लहान पकड लावलेली. तिच्यात गळ धरायचा आणि त्यावर दोऱ्याने पिसे बांधायची. आमिषे देखणी व्हायची. एखाद्या माशाने ती कोटाला लावायला मागितली असती. खाण्यासाठी मात्र मागितली नाहीत.

कारण साधे होते आणि मास्तरांना ते पाठ होते. खाऱ्या पाण्यातल्या माशाने आमिष तोंडात घेतले की काठी वर उचलायची नाही. काठी खाली, पाण्याकडे ठेवायची आणि डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची. तरच गळ रुततो. काठी उचलली की आमिष माशाच्या तोंडातून निघून येते आणि मासा घरी जातो. मास्तरांनी हे वाचले होते, ते झोपेतही म्हणायचे. पण दोरीला झटका बसला रे बसला, की त्यांचा उजवा हात काठीसकट कानापर्यंत वर जायचा आणि तिथे क्षणभर थांबायचा. टाका पक्का व्हायचा आणि मासा निसटायचा. सगळा जन्म त्या हाताने वरच जायचे शिकलेले. त्याला आता खाली राहा म्हणून कोण सांगणार?

दुसरा कोणी शहाणा असता तर पुन्हा पँटीकडे वळला असता. मास्तर शिकवण्याकडे वळले.

खाडीच्या धक्क्याजवळच्या खांबाला पाटी लागली : खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंग, कयाकमधून, खास नवशिक्यांसाठी. वर त्यांनी कापायच्या खडूने एक मासा काढला होता. तो पँटीच्या मापाचा कागद वाटायचा. नव्या इमारतींतली माणसे आली. त्यांना सुट्टीच्या सकाळी करण्यासारखे काही नसते. त्यांत एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि बाकीचे असे, की टोप्या काढल्या तर मला ओळखू येणार नाहीत. सगळे त्यांना सर म्हणू लागले. आम्ही मास्तर म्हणत होतो ते टेलर म्हणून, हे मास्तर तेव्हापासून विसरले.

शिकवायचे ते वाळूवर. सगळ्यांना रांगेने जमिनीवर पाय पसरून बसवायचे आणि हवेत दोरी फेकायला लावायची. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या अगदी जवळ बसतो, म्हणून मागे टाकलेली दोरी उंच गेली पाहिजे, नाहीतर पाण्याला लागते. वारा असा घ्यायचा, की गळ आपल्या कानात येणार नाही. मांडीवर जमलेली मोकळी दोरी कशातही अडकते, बुटाच्या नाडीत, वल्ह्याच्या टोकात, बक्कलात. म्हणून पायांवर ओला टॉवेल टाका, बटणे झाका, घड्याळ काढा. हे सगळे खरे होते. खोटे एवढेच, की सांगणाऱ्याच्या अंगात स्वतः शिवलेले जॅकेट होते आणि त्याला खिसेच खिसे, खिशांना झडपा आणि झडपांना बटणे. डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलेही.

"सर, तुमच्या बटणांत दोरी अडकत नाही?"

"नवशिक्यांची अडकते," मास्तर म्हणाले.

पण खरा धडा शेवटचा. मासा सोडण्याचा. मास्तरांचे म्हणणे, की खाण्यासाठी मासा धरतो तो पोटार्थी. हे म्हणताना ते धक्क्यावर बसलेल्या आम्हा लोकांकडे असे बघायचे, की जणू आमच्या दाढांत काटे अडकलेत. आपण कलाकार. आपण धरतो, नमस्कार केल्यासारखे बघतो आणि सोडतो. हात ओले करा, मगच माशाला हात लावा. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली. तोंड प्रवाहाकडे. तो स्वतःहून जाईपर्यंत धरून राहा.

मासा कुठून आणायचा? मास्तरांनी एका तपकिरी पँटीचा पाय कापून त्यात चिंध्या भरल्या होत्या आणि दोन कोटाची बटणे डोळे म्हणून लावली होती. हा कापडी मासा शिष्य आळीपाळीने पाण्यात धरायचे. मऊ आवाजात "जा, जा" म्हणायचे आणि सोडायचे. तो दगडासारखा तळाशी जायचा. मग शेपटीची सुतळी धरून वर काढायचा, पिळायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा. शिकलेसवरलेले लोक, डोळे मिटून पँटीला निरोप देत असायचे. मी असे काही पुन्हा पाहीन असे वाटत नाही.

असेच चालू राहिले असते, पण लेकीचा निरोप आला. जावयाला वर्षभर दूरच्या कामावर जायचे होते. ती पोरीला घेऊन माहेरी येणार होती. भिंतीपलीकडे त्या दुपारी मशीन थांबले.

"अहो, मागची खोली रिकामी करा. लेक येतेय."

"कुठली खोली?"

"आपल्या घरात खोल्या आहेत किती? तुम्हाला काय राजवाडा दिसायला लागला?"

"तिथं माझं काम चालतं."

"कोंबड्यांचं चालत होतं. ती पिसं त्यांची आहेत."

"तुला कळायचं नाही. लोक माझ्याकडे लांबून शिकायला येतात."

"काय शिकतात? माझ्या जन्मात तुमच्या हातून या घरात माशाचा खवलाही आला नाही."

"आम्ही मासे सोडतो."

"आधी धरा, मग सोडा. न धरलेलं काय सोडता?"

यावर पलीकडे मशीन पुन्हा सुरू झाले. मग बाई म्हणाल्या, आणि त्या कधी आवाज चढवत नाहीत, "नीट ऐका. ती यायच्या आत एक मासा या उंबऱ्याच्या आत आणा. तुम्ही धरलेला. बाजारातला मी ओळखते. मासा आला तर खोली तुमची, आम्ही तिघी पुढं टेबलाखाली झोपू. नाही आला तर पिसं पोत्यात आणि पोतं खाडीत."

"पिसं तरंगतील."

"तरंगू देत. तुमच्या माशांच्या तोंडी एवढ्यानं तरी लागतील."

त्यानंतर मास्तर रोज खाडीत जाऊ लागले. पँटी खुंट्यांवर उलट्याच राहिल्या. संध्याकाळी परत येताना ते कयाक डोक्यावर घेऊन गल्लीतून चालायचे, म्हणजे कोणाला तोंड दिसू नये. खोली गेली तर पिसे गेली, पिसे गेली तर पाटी गेली आणि पाटी गेली तर पुन्हा नुसता टेलर. एवढीच त्यांची भीती होती. लेकीला वर्षानंतर पाहायला मिळणार, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

लेक यायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती आणि वर्ग होता. वारा नव्हता. पाणी भरत आले होते आणि खाडी अशी दिसत होती, जशी कोणी नुकतीच इस्त्री करून ठेवली आहे. शिष्यांच्या कयाका धक्क्यासमोर नांगर टाकून उभ्या होत्या आणि ते आपापल्या टोप्यांत गळ अडकवून घेत होते. मास्तर म्हणाले, "मी पुढं जाऊन पाणी बघतो," आणि वळणाआड गेले.

तिथे काय झाले ते त्यांनी नंतर बायकोला सांगितले आणि बायकोला सांगितलेले मला कळतेच.

त्यांनी दोरी फेकली. दोरी फेकताना तिचे एक वेटोळे जॅकेटच्या खिशाच्या झडपेत गेले आणि बटणाला गुंडाळले. मास्तर चिडले. त्यांनी काठी मांडीवर आडवी टाकली, डाव्या हाताने दोरी धरली आणि बटणासकट तोडायच्या इराद्याने सरळ मागे हिसकली. बटण तुटले. त्याच क्षणी पाण्याखाली एका माशाने पिसे तोंडात घेतली होती. गळ रुतला. इतकी वर्षे जे ते शिकवत होते ते शेवटी त्यांच्याकडून झाले, आणि झाले ते बटणावरच्या रागातून. उजवा हात सवयीने काठी उचलून कानापर्यंत गेला खरा, पण तोवर उशीर झाला होता. हाताला बिघडवायला काही उरले नव्हते.

माशाने कयाक फिरवली. तिला शेपटीकडून ओढत नेले, पुन्हा उलटी आणली. काठीवरचे रीळ किंचाळत होते आणि मास्तरही, असे मला वाटते, पण ते त्यांनी बायकोला सांगितले नाही. बऱ्याच वेळाने मासा कडेला आला. हातभर लांब. पाठ भरतीच्या पाण्यासारखी हिरवट आणि कुशीला अशी चांदी, जशी पहाटे ओल्या वाळूवर पसरते आणि आपण जवळ जाईतो विरते. मास्तरांनी हात ओले केले. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली. तोंड प्रवाहाकडे केले. मासा त्यांच्या हातात श्वास घेत होता. सगळे अगदी शिकवल्यासारखे.

मग त्यांनी मागे पाहिले. वळणावर कोणी नव्हते. त्यांनी गळ काढला, गुडघ्यांमधले झाकण उघडले, मासा आत टाकला आणि झाकण घट्ट फिरवले.

आता कोणत्याही पोटार्थी माणसाला विचारा. मासा खायला न्यायचा तर तो आधी मारावा लागतो. मास्तरांना हे ठाऊक नव्हते. त्यांचा अभ्यासक्रम सोडण्यापाशी संपत होता.

मी धक्क्यावरच होतो. मास्तर परत आले ते वेगळेच दिसत होते. हनुवटी वर, जॅकेट उघडे. शिष्यांनी कयाका वाळूवर ओढल्या आणि गोल करून उभे राहिले. मास्तर आपल्या पिवळ्या कयाकवर, त्या झाकणावर, बसले. कापडी मासा डॉक्टरीणबाईंच्या हातात होता.

"आज शेवटचा धडा पुन्हा," मास्तर म्हणाले. "धरणं सोपं आहे. सोडणं अवघड."

धप.

डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. "सर, आत काही सुटलंय का?"

"थर्मास आहे. तर, सोडताना आपल्या मनात हाव नको—"

धप. धप धप.

"थर्मास तब्येतीनं चांगला दिसतो," बँकवाले काका म्हणाले.

"प्लास्टिक तापलं की वाजतं," मास्तर म्हणाले आणि आवाज चढवला. "हाव असली की हात कोरडे होतात—"

"आमच्या कयाकाही तापल्यात. त्या गप्प आहेत."

मग तो मासा बिथरला. रिकाम्या प्लास्टिकच्या पोटात हातभर मासा उलटापालटा होतो तेव्हा जो आवाज निघतो, तो ढोलाला लाजवतो. सगळी कयाक थरथरत होती आणि तिच्यावर बसलेले मास्तरही, पण मास्तर बोलत राहिले. दया, कला, पाण्याचे ऋण. ते जेवढे मोठ्याने बोलत, तेवढा मासा खालून बुकलत होता. दोघांमध्ये खरे कोण बोलत होते, ते धक्क्यावरच्या सगळ्यांना कळत होते.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "उठा जरा," त्या म्हणाल्या. तोंड उघडा म्हणतात त्याच सुरात. मास्तर उठले. डॉक्टरीणबाईंनी झाकण फिरवले, आत पाहिले आणि कापडी मासा वाळूवर खाली ठेवला.

"जिवंत आहे अजून," त्या म्हणाल्या. "हात ओले करू का, सर? की तुम्ही सोडताय?"

कोणी हसले नाही. ते बरे नव्हते. हसले असते तर मास्तर सुटले असते. पाणी तीन ढांगांवर होते. मासा सोडला तर ते सर राहणार होते आणि संध्याकाळी पिसे पोत्यात जाणार होती. नाही सोडला तर खोली राहणार होती आणि तिच्यात बसणारा सर उरणार नव्हता.

मास्तरांनी मासा दोन्ही हातांत उचलला आणि पाण्याकडे चालले. मी पाहत होतो. घोट्यापर्यंत पाण्यात गेले, वाकले आणि तसेच वाकून राहिले. मला खरेच वाटले, की सोडतील. मग त्यांनी जॅकेट काढले, मासा त्यात तान्ह्या मुलासारखा गुंडाळला, वळले आणि कोणाकडेही न बघता चढाने घराकडे निघाले. अनवाणी. चपला वाळूवर राहिल्या. माझ्यासमोरून गेले तेव्हा खिशांच्या झडपा एकामागून एक हलत होत्या, आणि वरच्या बोळापर्यंत पोचले तेव्हा हलायच्या थांबल्या.

भिंतीतून ऐकले ते एवढेच.

"हा घे."

"तुम्ही धरलात?"

"मी."

बाईंनी बराच वेळ लावला. त्या माशाचे डोळे, कल्ले, गळाची जखम बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "बरं. खोली तुमची."

मासा तव्यावर गेला. मलाही तुकडा आला. चव चांगली होती, हे मी मास्तरांना सांगितले नाही. त्यांनी स्वतः खाल्ला नाही, असे कळले. पोटार्थी नसल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी लेक आली. बरोबर दीड वर्षांची नात. बाईंनी शब्दाप्रमाणे पुढच्या खोलीत कापायच्या टेबलाखाली अंथरूण घातले. दिवसा मशीन लागले की नात दचकून उठायची, रडायची, लेक तिला खांद्यावर घेऊन पँटींच्या मधून फेऱ्या घालायची. मशीन थांबले की मास्तर मागे पिसांत जाऊन बसायचे. तिकडे धक्क्यावर डॉक्टरीणबाईंनी वर्ग चालू ठेवला होता. पाटीवरचा खडूचा मासा पुसून त्यांनी चांगला काढला आणि कापडी मासाही तिकडेच राहिला. त्यांच्या वर्गाला अजून मासा लागलेला नाही. ते फार छान सोडतात.

काही दिवसांनी भिंतीपलीकडे मास्तर म्हणाले, "अगं, लेकीला आत जाऊ दे. पोर झोपत नाही."

"खोली तुमची आहे."

"मी म्हणतोय ना, जाऊ दे."

"मी शब्द दिलाय. तुम्ही मासा आणलात."

"माझं काही म्हणणं नाही. मी सोडतो खोली."

"सोडायची सवय आहे तुम्हाला. पण अशी सोडता येत नाही. खोली परत द्यायची तर मासाही परत घ्या."

माशाचे काटे केव्हाच बोळातल्या मांजरीने नेले होते. लेक मध्येच हसत होती. भिंतीतून हसणेही येते.

शेवटी मास्तरांनी एका दुपारी पिसे स्वतःच पोत्यात भरली, पोते माळ्यावर टाकले आणि मशीन मागच्या खोलीत ओढत नेले. खोली त्यांचीच राहिली, तेव्हा बाईंना हरकत घेता येईना. पुढची खोली शांत झाली. आता मास्तर आत एकटे बसतात आणि पँटींच्या कडा शिवतात. उजवा हात कानापर्यंत वर जातो, थांबतो, खाली येतो.

बोळात ती पिवळी कयाक पालथी पडलेली असते. नात आता बोळात दुडदुडते. आई कपडे वाळत घालते तोवर ती कयाकला टेकून उभी असते आणि दोन्ही तळव्यांनी तिच्यावर थापा मारते. धप. धप धप. फार आवडते तिला ते. खिडकीतून आत पाहिले तर दिसते, मास्तरांचा हात अर्ध्यावर थांबलेला असतो. कानापर्यंत जात नाही आणि खालीही येत नाही.

"आजोबा, हे काय वाजतंय?" लेक बाहेरून पोरीच्या वतीने विचारते. मुद्दाम विचारते.

"प्लास्टिक तापलं की वाजतं," आतून उत्तर येते.

पोर पुन्हा थाप मारते.